संकासुराचा दुसरा डोस

मी एसटीत कंडक्टर होतो. निवृत्त झालो, पण सवय गेली नाही. नियम म्हटला की तो कुठेतरी छापलेला असावा, दाराच्या वर रंगवलेला असावा, आणि सकाळी एक अन् संध्याकाळी दुसरा असा नसावा, एवढीच माझी अपेक्षा. लहान पोराला अर्धं तिकीट म्हणजे अर्धं तिकीट. त्यापायी मी सख्ख्या मेहुणीशी भरल्या गाडीत भांडलोय. पण कोरोनाची शेवटची लाट ओसरत असताना त्या बोटवाल्यांनी जे एकेक नियम पाठवले, त्यांनी माझं डोकं फिरवलं. अजून आठवलं की फिरतं.

बोट म्हणजे क्रूझ. मुंबईहून गोव्याकडे हौशी लोकांना घेऊन जाणारी. २०२२ च्या पाडव्याला ती वाटेत रत्नागिरीसमोर दिवसभर थांबणार होती, आणि पाहुण्यांना सणानिमित्त कोकणातली लोककला दाखवावी असं कंपनीतल्या कुणाच्या तरी मनात आलं. कुणाकुणाकडून विचारत ते आमच्यापर्यंत पोचले. आमची वाडी पालीपासून आत, समुद्रापासून लांब. सगळी भात आणि काजूवाली कुणब्यांची घरं, निम्मे बाप्ये मुंबईला. पण आमचं नमन मंडळ जुनं आहे. मृदंग मी, सखाराम, वाजवतो आणि मंडळाचा कारभारही मीच बघतो, कारण फोनवर न थकता भांडण्याची ताकद वाडीत दुसऱ्या कुणाकडे नाही.

नमनात गण होतो, गवळण होते, पण लोक ताटकळत बसतात ते संकासुरासाठी. अंगभर काळा झगा, डोक्यावर टोकदार काळी टोपी, तोंडावर डोळ्यांपुरती भोकं ठेवलेलं काळं फडकं, त्याखाली पांढरीशुभ्र दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा आणि हातात वेताची छडी. तो आला की पोरं आयांच्या पदराआड शिरतात आणि आया त्यांना ओढून पुढे करतात, कारण त्याची छडी डोक्याला लागली की पोरांचं दुखणं-बिखणं जातं असं मानतात.

आमच्या वाडीत संकासुर म्हणजे नुसतं सोंग नव्हे. फाल्गुनातल्या पंचमीला देवळापुढे कमरेला पट्टा बांधला की तो माणूस पाडव्यापर्यंत देवाचा. तोंडावर फडकं असताना तो बोलत नाही. कुणी पाया पडायला वाकलं तर मागे सरत नाही. आणि पट्टा अंगावर असेतो त्याच्या अंगातून रक्ताचा थेंब निघता कामा नये. दाढी करायची नाही, पायात काटा मोडला तरी सुईनं काढायचा नाही, लंगडत नाचायचं. मधेच पट्टा सोडायची पाळी आली, तर तो त्याच जागी दुसऱ्याच्या कमरेला बांधायचा. ज्यानं सोडला त्याच्याकडे मग तो पुन्हा कधी जात नाही.

हा पट्टा कितीतरी वर्षं रावजीकडे होता. रावजी माझ्याच वयाचा, शाळेत माझ्या शेजारी बसायचा. त्याचा मामा विठू गुडघ्यांनी अधू झाला तेव्हा मामानं पट्टा भाच्याला बांधला, आणि तेव्हापासून शिमगा म्हटला की रावजी. एरवी हा माणूस चार शब्द बोलायचे तर दोनच बोलेल. पण फडकं तोंडावर आलं की त्याचे पाय जे सुरू होत, ते बघून मला मृदंगावर हात कसा पडतोय याचंही भान राहत नसे.

त्यानं स्वतःबद्दल मला एकच गोष्ट कधीतरी सांगितली होती. शिमग्यात देवाची पालखी संकासुराला घेऊन घराघरांत फिरते तशी त्याच्याही घरी जायची, आणि त्याची आई इतरांसारखीच येऊन त्याच्या पायांवर डोकं ठेवायची. आपली आई वाकलेली, आपल्याला बोलता येत नाही, मागेही होता येत नाही. तेव्हा फडकं आतून पार भिजून जायचं, म्हणाला. घामानं का, असं मी विचारलं नाही.

तर असा हा रावजी. बोटीचं आमंत्रण आलं हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो काजूच्या बागेत वाळक्या पानांचा पातेरा गोळा करत होता. खराटा खाली ठेवून तो दगडावर बसला. मग मला जुनी गोष्ट आठवली. आम्ही लहान असताना मुंबई ते गोवा अशी प्रवासी बोट चालायची, आणि रावजीचा बाप तिनंच मुंबईहून शिमग्याला यायचा. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं होडक्यांतून बंदराला लागायची. रावजी आईचा हात धरून भगवती बंदरावर उभा राहायचा. पुढच्या वर्षी तुला बोटीनं मुंबईला नेतो, असं बाप दर वर्षी म्हणायचा. मग बाप गेला, आणि पुढे ती बोटही बंद झाली. रावजी नंतर मुंबईला गेला तो माझ्याच एसटीनं, सबंध रस्ताभर ओकत.

“बोटीवर नाचायचा?” त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. तो हसला. रावजीचे दात दिसले असे प्रसंग मला बोटावर मोजता येतील.

इथून पुढे नियमांचा तमाशा सुरू झाला. बोटीकडून अजिंक्य नावाचा एक मुलगा माझ्याशी बोलायचा. स्वभावानं गोड, प्रत्येक वाक्यात दोनदा काका म्हणणारा. त्याचा पहिला निरोप असा की सगळ्यांनी आरटीपीसीआर करायची आणि मास्क पूर्ण वेळ घालायचा, कला सादर करतानासुद्धा. मी फोन केला आणि विचारलं की मास्क लावून गवळण म्हणतात कशी ते आधी तुम्ही म्हणून दाखवा. तो म्हणाला, वरती विचारतो. हे वरती कोण बसलेत ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

चार दिवसांनी मास्क फक्त मागच्या टाळकऱ्यांना लागेल असं कळलं. संकासुराचा फोटो मागवला. फोटो बघून अजिंक्य खूश झाला, म्हणाला, यांनी तर मास्क घातलेलाच आहे. दुसऱ्या दिवशी निरोप आला की हा मास्क कापडी आणि एकपदरी दिसतो, तेव्हा याच्या आतून दवाखान्यातला निळा मास्क लावावा. मी तो निरोप सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, आणि त्या दिवशी रावजीचे दात दुसऱ्यांदा दिसले.

पंचमी आली. देवळापुढे रावजीच्या कमरेला पट्टा बांधला. आणि त्याच आठवड्यात नियम पुन्हा बदलला. आता आरटीपीसीआर नको, पण प्रत्येकाचे लशीचे दोन डोस झालेले पाहिजेत, आणि दुसरा डोस घेऊन चौदा दिवस उलटलेले पाहिजेत.

मी निश्चिंत होतो. मंडळातल्या सगळ्यांचे दोन डोस झालेले, मुंबईकरांचे तर केव्हाच. पण रावजी खाली बघायला लागला. या महाभागानं एकच घेतला होता. पहिल्यानं तीन दिवस ताप भरला. दुसऱ्याची वेळ आली तेव्हा लावणी चालू होती. पुढे आरोग्य केंद्रातली नर्स, नम्रता, घरोघर लस द्यायला आली तर हा मागच्या दारानं काजूच्या बागेत पसार झाला, आणि विमलवयनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, ते पाव्हण्याकडे गेलेत असं सांगून वेळ मारून नेली. मी दोघांनाही काय वाटेल ते बोललो. मग म्हटलं, जाऊ दे, उद्याच्या उद्या पालीला जाऊन टोचून घे, अजून दिवस आहेत.

“पट्टा हाय अंगावर,” रावजी म्हणाला.

सुई टोचली की रक्त येणार. थेंबभर का होईना, येणार. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पट्टा सुटणार पाडव्याच्या संध्याकाळी आणि बोट पाडव्याच्या सकाळी. सुई घेतली तर त्याला बोटीवर जाता येणार, पण संकासुर म्हणून नाही. नाही घेतली तर तो संकासुर, पण बोटीवर नाही.

मी अजिंक्यला फोन लावला आणि सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, हे मला कबूल केलंच पाहिजे. मग म्हणाला, वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टरांचं पत्र चालतं, काका. मी म्हटलं, कारण डॉक्टरकडे नाही, देवाकडे आहे. तो म्हणाला, वरती विचारतो. वरून नाही असं आलं.

वाडीत मग ज्याला त्याला अक्कल सुचायला लागली. एक म्हणाला, फडक्याआड कोण आहे ते कुणाला कळतंय, दुसऱ्याच्या नावावर रावजीला चढवू. मी म्हटलं, दुसऱ्याच्या पासावर मी जन्मात कुणाला बसवलं नाही, आता या वयात बसवणार नाही. दुसरा म्हणाला, बाजारातून घुंगरं आणू, कुणालातरी काळा झगा घालू, पाव्हण्यांना काय समजणार. हे बऱ्याच जणांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. रावजी कोपऱ्यात बसून ऐकत होता. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून मी बघितलं नाही.

होळी लागली. दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, सकाळीच रावजी माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. चहा नको म्हणाला. पट्टा दीपकला बांधतो म्हणाला.

दीपक त्याचा मुलगा. भिवंडीला एका गोदामात कामाला, होळीसाठी आलेला. टाळ बरा वाजवायचा. पण त्याच्या पायात ताल नाही असं बापानं त्याला लहानपणी एकदा सगळ्यांदेखत सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तो कधी पुढे येऊन नाचला नव्हता. मी रावजीला म्हटलं, बाबा रे, मागाहून परत मागितलास तर पट्टा मिळायचा नाही, ठाऊक आहे ना. एका बोटीसाठी हे करतोस?

“खोटा संकासुर बोटीवर गेला तर देवाला काय सांगू?” रावजी म्हणाला. “खरा जाऊ दे. माज्याबिगर गेला तरी चालंल. मी टाळ घेऊन मागं बसतंव. बोटीत पाय तर पडंल.”

त्याच दिवशी दुपारी, पालखी जिथे विसाव्याला ठेवतात त्या सहाणेवर, गुरवानं देवाला गाऱ्हाणं घातलं आणि मी रावजीची गाठ सोडायला बसलो. घामानं ती इतकी आवळली होती की नखांनी सुटेना. रावजी हात वर करून उभा होता, शाळेत मास्तर शिक्षा करायचे तसा. सुटली तेव्हा त्याच्या कमरेला पट्ट्याचा काळपट वळ दिसला. पट्टा दीपकला बांधला. तो घाबरून गेला होता, बापाकडे बघत होता, आणि बाप पालखीकडे. मी गुरवावर ओरडलो की नारळ फोडायला एवढा वेळ कशाला.

मग मीच रावजीला पालीला घेऊन गेलो. नम्रतानं सुई टोचली आणि वर कापूस दाबला. रावजीनं तो कापूस काढून बघितला. मधोमध लाल ठिपका होता. बराच वेळ तो त्या ठिपक्याकडे बघत राहिला, आणि मग कापूस खिशात घालून बाहेर आला.

पुढचे पंधरा दिवस त्यानं दीपकला नाचताना एकदाही बघितलं नाही. पालखी खालच्या वाडीत आली तर हा वरच्या बागेत. तालमीला बोलावलं तर म्हणे, टाळ वाजवायला तालीम कशाला लागते. पालखी त्याच्या स्वतःच्या घरी आली त्या सकाळी तर हा पालीला बाजार करायला निघून गेला. विमलवयनी एकट्या दारात उभ्या होत्या. पोराच्या पायांवर डोकं ठेवलंत का, असं मी नंतर विचारलं, तर ठेवलं म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसलं. मी रावजीला त्याच्या तोंडावर सांगितलं की हे वागणं बरं नव्हे, तू दिलंस ना, मग मनापासून दे. तो म्हणाला, दिलाय मनापासून, बघवत नाय एवढाच. मला त्याचं वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम आलं की माझं असं होतं की मी जेवत नाही.

पाडव्याच्या दोन दिवस आधी सरकारनं जाहीर केलं की पाडव्यापासून सगळे निर्बंध उठणार, मास्कसुद्धा मर्जीचा. मी लगेच अजिंक्यला विचारलं. तो म्हणाला, ते सरकारचं, काका. आमच्या कंपनीचे नियम आहेत तसेच आहेत. आदल्या संध्याकाळी पुन्हा विचारलं. तेच उत्तर. मी सगळ्यांची लशीची प्रमाणपत्रं छापून आणली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी उशाशी घेऊन झोपलो.

सकाळी घरोघर गुढ्या उभ्या करून आम्ही टेम्पोनं रत्नागिरीला निघालो. भगवती बंदरावर पोचलो तेव्हा ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं. समोर बोट उभी होती. आमच्या वाडीतली सगळी घरं एकावर एक रचली असती तरी तिच्या वरच्या मजल्याला लागली नसती. सगळे बघत राहिले. रावजी जेट्टीच्या टोकाशी जाऊन एका जागी उभा राहिला. कुठे उभा राहिला ते मला कळलं, आणि मी त्याला हाक मारली नाही.

अजिंक्य आम्हाला बोटीवर न्यायला आलेल्या लाँचपाशी होता. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. कोवळा चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर मास्क नव्हता. पाडव्याच्या शुभेच्छा काका, म्हणाला. मी पिशवी पुढे केली. ती त्यानं घेतलीच नाही.

“आता कागद नकोत, काका. पहाटेच वरून आलंय. थोड्या वेळासाठी येणाऱ्या कलाकारांचे डोस आजपासून बघायचे नाहीत. मास्कपण ऐच्छिक.”

मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, हे मला बोलतानाही कळत होतं. त्याचे कान लाल झाले आणि तो सॉरी काका, सॉरी काका करत राहिला. दोन डोस लागणार नसते तर पट्टा सुटला नसता, हे प्रत्येकाच्या मनात आलं होतं, आणि रावजीला जाऊन सांगायची छाती कुणालाच होत नव्हती.

त्यानं ऐकलं होतं. तो मागे येऊन उभा होता. दीपक काळा झगा घालून तयार होता, फडकं अजून हातात. त्यानं बापाकडे बघितलं आणि कमरेची गाठ सोडायला हात घातला. रावजी पुढे झाला आणि त्यानं पोराचा हात धरला.

“गाठीला हात लावू नको,” तो म्हणाला. “चल. लाँच थांबलीय.”

बोटीच्या दारात पोचल्यावर रावजीनं चपला काढल्या. तिथल्या माणसानं घाला घाला म्हणून खुणा केल्या, पण त्यानं चपला काखेत मारल्या आणि उजवा पाय आधी टाकून आत गेला. वर गेल्यावर कठड्याला धरून बंदराकडे बघत राहिला. तिकडून इकडे तो लहानपणी पुष्कळदा बघत उभा राहिला होता. इकडून तिकडे बंदर कसं दिसतं ते आज बघत होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, केवढासा दिसतो रे बंदर. मी म्हटलं, हो.

वरच्या मजल्यावर उघड्या जागेत पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. बऱ्याच जणांच्या तोंडावर अजून मास्क, काहींचा हनुवटीवर, काहींचा हातात. लोकांनाही काय करायचं ते नीट कळत नव्हतं. आमचे टाळकरी मास्क काढून बसले. रावजीनं मात्र आपला निळा मास्क तसाच ठेवला आणि टाळ घेऊन माझ्या डाव्या हाताला बसला. नमन झालं, गण झाला, गवळण झाली. त्याचा टाळ घड्याळासारखा चालला होता.

मग घुंगरं वाजली.

दीपक आला. आता मी खोटं बोलणार नाही, मलाही धाकधूक होती. बापाची चाल म्हणजे जमिनीला घट्ट, धपधप, पाय आपटून. दीपकची तशी नव्हती. तो हलकाच आला, थबकला, मान वाकडी करून एका खुर्चीकडे बघितलं आणि एकदम गिरकी घेतली. बापाचं त्याच्यात काही नव्हतं, आणि तरी तो अख्खा संकासुर होता. पुढच्या रांगेतल्या बायका मागे सरकल्या. एक पोरगी रडायला लागली. आईनं हसत तिला पुढे केलं, आणि त्यानं तिच्या डोक्याला छडी इतक्या हळू टेकवली की ती रडायची थांबून वर बघायला लागली.

माझ्या डावीकडचा टाळ बंद पडला. रावजीचे दोन्ही हात मांडीवर पडले होते आणि तो बघत होता. मामानं पट्टा बांधल्यापासून इतक्या वर्षांत त्यानं संकासुर बघितलाच नव्हता. आम्ही सगळ्यांनी बघितला होता, वाडीतल्या पोराटोरांनी बघितला होता. तो एकटा कायम फडक्याच्या आत होता, आणि आतून दिसतात ती फक्त दुसऱ्यांची तोंडं.

संकासुर पाहुण्यांतून फिरत फिरत आमच्या रांगेपुढे आला. आम्ही वाजवणारे बसल्या जागीच हात जोडतो, तशी रीत आहे. पण रावजी उठला. त्यानं मास्क काढून खिशात ठेवला, दोन पावलं पुढे गेला आणि गुडघे कुरकुरत असताना वाकून आपल्या पोराच्या पायांवर डोकं ठेवलं.

दीपकच्या कमरेची घुंगरं आपोआप वाजायला लागली. त्याला बोलता येत नव्हतं आणि मागे सरता येत नव्हतं. त्यानं छडी उचलली, ती हवेत तशीच राहिली, आणि मग बापाच्या पांढऱ्या केसांवर टेकली. काळ्या फडक्यावर डोळ्यांच्या भोकांखाली ओल पसरत गेली. ती मी बघितली, कारण मी समोरच होतो. मृदंग वाजवत होतो की नाही ते आता सांगता येत नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा खेळाचाच भाग आहे.

परतताना लाँचमध्ये मी पुन्हा तापलो. कागदांची पिशवी मांडीवर होती आणि ती बघितली की माझं रक्त उकळत होतं. मी रावजीला म्हटलं, पंधरा दिवस आधी हा शहाणपणा त्यांना सुचला असता तर आज तू नाचला असतास. तुला काहीच वाटत नाही का? वाटता ना, तो म्हणाला, लय वाटता.

दीपक समोरच्या फळीवर बसला होता. फडकं काढलेलं, केस घामानं कपाळाला चिकटलेले, पट्टा अजून कमरेला. तो संध्याकाळी सहाणेवर सुटणार होता. पाण्यावर लाँच हलली की घुंगरं वाजत होती. मघापासून तो बापाकडे चोरून बघत होता. शेवटी त्यानं तोंड उघडलं.

“बाबा, संकासुर आल्यावर टाळ चुकला तुमचा.”

“चुकणार नाय तर काय,” रावजी म्हणाला. “तुज्याकडं बगत व्हतंव.”